राजापुढची प्यादी: हलवावीत की जागीच ठेवावीत?

बुद्धिबळाचा सर्वांत लवकर संपू शकणारा डाव अवघ्या चार चालींचा आहे; दोन पांढऱ्याच्या आणि दोन काळ्याच्या. पांढरा आपल्या राजाच्या बाजूच्या उंटासमोरचे प्यादे एक घर पुढे घेतो. काळा राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे घेतो. मग पांढरा राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे पुढे लोटतो, आणि काळ्याचा वजीर तिरका धावत पटाच्या कडेला, एच-४ या घरात, जाऊन उभा राहतो. शह आणि मात. पाश्चात्त्य देशांत या प्रकाराला ‘मूर्खाची मात’ म्हणतात. नाव कठोर आहे, पण नुकताच पटाशी बसू लागलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा कधी ना कधी याच्या जवळपास येतोच.

म्हणूनच बहुतेक शिकवणीवर्गांत पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगितले जाते की राजाजवळच्या प्याद्यांना हात लावायचा नाही. मुले ते पाठ करतात. पुढे एखाद्या स्पर्धेत समोरचा खेळाडू बिनधास्तपणे नेमके तेच प्यादे पुढे सारतो आणि वर जिंकूनही जातो, तेव्हा ती गोंधळतात. ‘सरांनी तर सांगितले होते’ हे वाक्य घेऊन रडवेला होऊन घरी आलेला मुलगा अनेक कुटुंबांनी पाहिला असेल. पाठ केलेला नियम मोडला की मुलाचा नियमावरचाच नव्हे, तर स्वतःच्या समजुतीवरचाही विश्वास डळमळतो, आणि काही मुले त्याच टप्प्यावर खेळ सोडतात. तेव्हा या नियमात खरे किती आणि सोयीपुरते किती, हे वडीलधाऱ्यांनीही एकदा समजून घेतलेले बरे.

प्रथम पटाकडे पाहू. डावी-उजवीकडील उभ्या ओळींना ‘ए’ पासून ‘एच’ पर्यंत नावे असतात. राजा ‘ई’ ओळीत उभा असतो. त्याच्या बाजूच्या उंटासमोरचे ‘एफ’, घोड्यासमोरचे ‘जी’ आणि हत्तीसमोरचे ‘एच’ अशी ही तीन प्यादी. पुढे किल्लेकोट करून राजा याच कोपऱ्यात येतो, तेव्हा ही तिघे त्याची भिंत होतात.

या तिघांची योग्यता सारखी नाही, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. डावाच्या आरंभी एफ-प्यादे ज्या घरात असते, पांढऱ्याचे एफ-२ आणि काळ्याचे एफ-७, त्या घराचे रक्षण फक्त राजा करतो. बाकी प्रत्येक प्याद्याच्या पाठीशी हत्ती, उंट, घोडा किंवा वजीर यांपैकी कोणीतरी असते. एफ-प्याद्याच्या पाठीशी एकटा धनी. शिवाय ते प्यादे हलले की राजापासून पटाच्या कडेपर्यंत जाणारी तिरकी वाट मोकळी होते. वर सांगितलेल्या डावात वजीर त्याच वाटेवर येऊन बसला. राजाच्या पुढचे एफ-२ हे घर रिकामे झाले होते खरे, पण तेही त्याच तिरक्या रेषेवर असल्याने पळायला उपयोगाचे नव्हते.

तरीही केवळ एफ-प्यादे हलवल्याने मात होत नाही. वजिराने शह दिला तर जी-प्यादे एक घर पुढे येऊन मध्ये उभे राहू शकते. पांढऱ्याने जी-प्यादे दोन घरे पुढे नेले आणि ही शेवटची कडीही स्वतःच्या हाताने काढून टाकली, म्हणून तो संपला. पहिल्या चालीने दार उघडले, दुसऱ्या चालीने ते पुन्हा लावायची सोय घालवली. यांतली कोणतीही एक चाल एकटी असती तर डाव चालू राहिला असता.

एफ-प्याद्याच्या आणखी एका चालीची हकिकत तर मोठी मौजेची आहे. पेद्रो दामियानो हा पोर्तुगालचा औषधविक्रेता. त्याचे बुद्धिबळावरचे पुस्तक १५१२ मध्ये रोम येथे छापले गेले, आणि ते त्या काळी चांगले खपले. दोन्ही बाजूंनी राजासमोरची प्यादी पुढे आली, पांढऱ्याच्या घोड्याने काळ्याच्या प्याद्यावर नेम धरला, तर काळ्याने त्या प्याद्याच्या रक्षणासाठी एफ-प्यादे एक घर पुढे सरकवावे काय? दिसायला ही चाल साधी आणि भक्कम दिसते. दामियानोने ती वाईट ठरवली. पांढरा घोड्याने ते प्यादे सरळ मारतो. काळ्याने एफ-प्याद्याने घोडा घेतला की पांढऱ्याचा वजीर एच-५ वर येऊन शह देतो. आता काळ्याने जी-प्यादे मध्ये घातले तर वजीर ई-५ वरचे प्यादे खाऊन एकाच वेळी राजाला शह देतो आणि कोपऱ्यातल्या हत्तीवर डोळा ठेवतो, हत्ती गेलाच. राजाने एक घर पुढे पळ काढला तर वजीर पुन्हा शह देतो, उंट मदतीला येतो, आणि उघड्या पटावर राजाची वणवण सुरू होते.

घोडा न घेता काळ्याने वजीर राजासमोर आणला तर तो थोडक्यात सुटतो. १९६४ मध्ये ह्यूस्टन येथे बॉबी फिशर एकाच वेळी अनेकांशी खेळत असता एका खेळाडूने हाच बचाव करून त्याच्याशी बरोबरी साधली होती. पण गंमत पुढेच आहे. ज्या माणसाने ‘ही चाल करू नका’ असे लिहून ठेवले, त्याच्याच नावाने ती आज ओळखली जाते: दामियानो बचाव. सावध करणाऱ्याच्या माथी दोष चिकटण्याचा हा प्रकार व्यापारातल्या माणसांना नवा नसावा.

नवशिके चुकतात, जाणकार चुकत नाहीत, अशीही समजूत नको. १८९६ मध्ये न्यूयॉर्क येथे यूजीन डेलमार या त्या शहरातल्या नाणावलेल्या खेळाडूची टीड नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडली. डेलमार काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. पांढऱ्याचा उंट लवकर बाहेर आला, आणि त्याला पकडण्याचा मोह डेलमारला झाला. एच-प्यादे पुढे आले, जी-प्यादे पुढे आले, एफ-प्यादे तर दोनदा पुढे गेले. उंट कोंडला गेला. आता एच-प्यादे आणखी एकदा सारायचे, की उंट हाती. पण या सगळ्या लगबगीत राजाभोवतीची घरे ओस पडली होती. पांढऱ्याच्या दुसऱ्या उंटाने जी-६ या घरावर नेम धरला. डेलमारने ते घर राखायला हत्ती पुढे आणला. त्यावर टीडने वजीरच बळी दिला, हत्तीने वजीर घेताच ते घर उघडे पडले, आणि आठव्या चालीला उंटाने तिथे येऊन मात केली. डेलमारच्या सात चालींपैकी पाच चाली राजाच्या बाजूच्या प्याद्यांच्या होत्या. उंट कोंडला होता हे खरेच. पण तो उंट हाती येईपर्यंत डाव उरला नाही.

या सर्व डावांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि मुलांना नियमाऐवजी तीच सांगावी असे मला वाटते. पटावरचा घोडा चुकीच्या घरी गेला तर परत येतो. उंट, हत्ती, वजीर, खुद्द राजादेखील मागे फिरू शकतो; फार तर एक-दोन चाली फुकट जातात. प्यादे मागे येत नाही. ते पुढे गेल्यावर डाव्या-उजव्या बाजूची जी घरे ते राखत होते, ती त्याच्या पहाऱ्यातून कायमची सुटतात. म्हणून इतर मोहऱ्यांची चाल ही जांगड नेलेल्या मालासारखी आहे, पसंत नसेल तर परत. प्याद्याची चाल म्हणजे रोखीचा पक्का सौदा. पहिला अधिकृत जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच विचार शास्त्रशुद्ध केला. राजापुढची तिन्ही प्यादी मूळ जागी असतात तेव्हा ती सर्वांत बळकट असतात आणि त्यांना हलवल्याने जी भगदाडे पडतात त्यांवरच हल्ला उभा राहतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याआधी हल्ला हा प्रतिभेचा चमत्कार समजला जाई. तो समोरच्याच्या दुबळ्या घरांतून जन्मतो, हे स्टाइनिट्झने दाखवले.

गंमत अशी, की हाच स्टाइनिट्झ स्वतः पांढऱ्या मोहऱ्यांनी तिसऱ्या चालीला एफ-प्यादे दोन घरे पुढे टाकून राजाला भर मध्यावर फिरायला लावणारा एक गँबिट आवडीने खेळे. त्याचे नावच स्टाइनिट्झ गँबिट पडले.

इथे दुसरी बाजू येते. दुसऱ्याच चालीला एफ-प्यादे दोन घरे पुढे टाकून ते बळी देऊ करणारा ‘किंग्ज गँबिट’ हा एकोणिसाव्या शतकातला सर्वांत लोकप्रिय आरंभांपैकी एक होता. वर सांगितलेले सगळे धोके त्यात आहेत. काळ्याचा वजीर एच-४ वर येऊन शह देऊ शकतो आणि पांढऱ्याचा किल्लेकोटाचा हक्क जाऊ शकतो. १८५१ मध्ये लंडन येथे ब्रेस्लाऊच्या आडोल्फ अँडरसनने लायोनेल कीझरित्स्कीविरुद्ध हा आरंभ केला आणि अगदी तसेच घडले. चौथ्याच चालीला त्याचा राजा सरकला. पुढे त्याने एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेर वजीर दिला, आणि तेविसाव्या चालीला उरलेल्या लहान मोहऱ्यांनी मात केली. तो डाव ‘अमर डाव’ म्हणून आजही शिकवला जातो. मग नियमाचे काय झाले?

झाले एवढेच, की अँडरसनला त्या प्याद्याच्या मोबदल्यात काहीतरी मिळाले होते. काळ्याचे ई-प्यादे मध्यावरून दूर ओढले गेले, पांढऱ्याची मोहरी भराभर बाहेर आली, आणि काळ्याचा वजीर मात्र इकडून तिकडे पळण्यात वेळ घालवत राहिला. डेलमारच्या पाच चालींनी त्याचा एकही घोडा किंवा उंट घराबाहेर काढला नव्हता. ‘मूर्खाची मात’ होते त्या डावातल्या दोन चालींचा तर काहीच उद्देश नव्हता. धोका पत्करणे आणि भांडवल उधळणे यांतला हा फरक आहे. हा आरंभ पुरता खरा की खोटा, याबद्दल मोठ्या खेळाडूंचेही एकमत नव्हते. १९६० मध्ये मार देल प्लाता येथे बोरिस स्पास्कीने याच आरंभाने फिशरला हरवले. तो पराभव फिशरच्या जिव्हारी लागला असावा. पुढच्याच वर्षी त्याने लेख लिहून किंग्ज गँबिट मुळातच मोडीत निघतो असे जाहीर केले. आणि त्यानंतर काही वर्षांनी पांढऱ्या मोहऱ्यांनी तो स्वतःच खेळला, जिंकलाही! आपलाच लेख त्याने विसरला असे मला वाटत नाही. समोरचा तो लेख वाचून आला असेल, तरी पटावर तो पेलू शकणार नाही, हा हिशेब त्याने केला असावा.

जी-प्याद्याच्या बाबतीत आपल्या देशाचा संबंध थेट आहे. जुन्या हिंदुस्थानी पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाता येई. त्या पद्धतीत वाढलेल्या खेळाडूला राजाच्या घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवून त्यामागे उंट बसवणे स्वाभाविक वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश वकील बंगालच्या मोहेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी सातत्याने खेळत असे, आणि त्याने ते डाव युरोपात छापायला पाठवले. युरोपातल्या जाणत्यांना राजाजवळचे प्यादे आरंभीच हलवण्याची ही रीत विचित्र वाटली असणार. आज जगातला प्रत्येक ग्रँडमास्टर ती खेळतो, आणि त्या बचावांच्या नावांत ‘इंडियन’ हा शब्द तेव्हापासून चिकटून आहे.

जी-प्यादे दोन घरे गेले तर धोका, आणि एकच घर गेले तर बचाव, हे कसे? कारण प्यादे एक घर सरकल्याने जे भोक पडते, त्यात उंट येऊन बसतो. भिंतीतली वीट काढली, पण तिथे पहारेकरी उभा केला. म्हणूनच अनुभवी प्रतिस्पर्धी प्रथम त्या पहारेकऱ्याच्या मागे लागतो. वजीर आणि उंट एका रेषेत आणून तो त्या उंटाची अदलाबदल करू पाहतो. उंट गेला, की एफ-६ आणि एच-६ ही दोन्ही घरे ओसाड होतात आणि तेच प्यादे ओझे बनते. त्याबरोबर पांढऱ्याचे एच-प्यादे पुढे येऊन जी-६ वरच्या प्याद्याला भिडते आणि ओळ उघडते. सिसिलियन बचावातल्या ‘ड्रॅगन’ या प्रकारात हेच नाट्य घडते. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये गॅरी कास्पारोव्ह आणि विश्वनाथन आनंद यांची जगज्जेतेपदाची लढत झाली. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले, नवव्यात आनंद जिंकला, दहाव्यात कास्पारोव्हने परतफेड केली, आणि अकराव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी त्याने अनपेक्षितपणे हा ड्रॅगन पटावर आणला. तो डाव त्याने जिंकला. तेराव्यातही तोच बचाव, तोच निकाल. पदवीच पणाला लागली असताना जगज्जेत्याने राजाच्या पुढ्यातले प्यादे आरंभीच हलवले, कारण त्यातून निर्माण होणाऱ्या प्रश्नांची उत्तरे त्याने घरी तयार ठेवली होती.

एच-प्याद्याबद्दल थोडे वेगळे बोलावे लागेल, कारण घरोघरी मुले सर्वांत जास्त हेच प्यादे सरकवतात. समोरच्याचा उंट जी-४ वर येऊन आपला घोडा जखडेल या भीतीने पांढरा मुलगा तिसऱ्या-चौथ्या चालीला एच-प्यादे एक घर पुढे घेतो. याने मात होत नाही. एक चाल जाते, आणि पुढे हल्ला करणाऱ्याला एक आकडा मिळतो. प्यादे मूळ घरी असेल तर विरुद्ध बाजूच्या जी-प्याद्याला त्याच्याशी भिडायला लांबचा पल्ला गाठावा लागतो. ते एक घर पुढे आले की भिडण्याची जागाही एक घर जवळ येते. शिवाय तिथे उंटाचा बळी देऊन भिंत फोडण्याची युक्ती जुनीच आहे. उलट, तिन्ही प्यादी जागची न हलवता राजा कोपऱ्यात बसला तर शेवटच्या रांगेत हत्तीने येऊन मात करण्याचा धोका असतो. १९१४ मध्ये मॉस्को येथे ओसिप बर्नस्टाइनच्या राजापुढची तिन्ही प्यादी अशीच अस्पर्श होती. होसे राऊल कापाब्लांकाने एकोणतिसाव्या चालीला आपला वजीर बी-२ वर ठेवला. तो घ्यावा तरी पंचाईत, न घ्यावा तरी पंचाईत. बर्नस्टाइनने डाव सोडला. एच-प्यादे एक घर पुढे असते तर राजाला श्वास घ्यायला खिडकी मिळाली असती. ती खिडकी चौथ्या चालीला नको, विसाव्या चालीला हवी.

अलीकडे संगणकांनीही या जुन्या वादात भर घातली आहे. २०१७ च्या अखेरीस डीपमाइंडच्या अल्फाझीरो या प्रणालीने स्टॉकफिश या बलाढ्य प्रोग्रॅमला हरवले, तेव्हा जाणकारांचे लक्ष वेधून घेतले ते तिच्या एच-प्याद्याने. ते पुढे ढकलत ढकलत समोरच्या राजाजवळ नेऊन रोवायचे, आणि त्याला आयुष्यभर कोंडायचे, ही तिची खोड. मोठमोठे खेळाडू नंतर ती उचलू लागले. मात्र नऊ वर्षांच्या मुलाने तिची नक्कल करावी असे मी म्हणणार नाही. त्या यंत्राला राजाच्या सुरक्षिततेचा हिशेब कित्येक चाली पुढपर्यंत दिसत होता.

शेवटी घरच्या पटावर रोज येणारा एक प्रसंग. पांढऱ्याने दुसऱ्याच चालीला वजीर एच-५ वर आणला आहे, पुढे उंट आणून एफ-७ वर मात करायची त्याची इच्छा उघड आहे. काळा मुलगा घाबरून लगेच जी-प्यादे सरकवतो आणि वजिराला हाकलतो. वजीर हटतो खरा, पण ई-५ वरचे प्यादे खाऊन, राजाला शह देऊन, हत्तीवर नेम धरून. त्याच मुलाने आधी वजिराच्या बाजूचा घोडा सी-६ वर काढून ते प्यादे राखले असते, पांढऱ्याने उंट आणू दिला असता, आणि मग तेच जी-प्यादे सरकवले असते, तर वजिराला मोकळ्या हाती मागे जावे लागले असते. प्यादे तेच, घर तेच, फक्त एक चाल उशिरा. मुलाने डाव लिहून आणला असेल, तर संध्याकाळी दुकान बंद केल्यावर पट मांडून त्याला एवढेच विचारावे: प्यादे हलवलेस त्या क्षणी समोरचा वजीर कुठे होता, आणि तू सोडलेली घरे कोण राखत होते?